एकोणिसावा दिवस : सामाजिक न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

महोदय, मी लातूरचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून एका छोट्या शैक्षणिक न्यासाचा खजिनदार म्हणून हिशेब सांभाळतो. आमचा पसारा लहान आहे. दरवर्षी पंधरा-वीस मुलांच्या मेसचे पैसे, कुणाची परीक्षा फी, आणि एखाद्या वर्षी परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलीला थोडा हातभार. देणगीदार बहुतेक पेन्शनर. त्यातले काही जण दर महिन्याला पाचशे रुपये स्वतः येऊन देतात आणि पावती नीट घडी घालून खिशात ठेवतात.

गेल्या जून महिन्यात एक मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडे आली. वडील शेतमजूर, मुलगी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदवीधर. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळाला होता. प्लास्टिकच्या फोल्डरमधून तिनं एकेक कागद काढून टेबलावर मांडला. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, विद्यापीठाचं पत्र. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीसाठीही तिनं अर्ज केला होता, पण निवड यादी लागली नव्हती. मग ती म्हणाली, "काका, अठ्ठावीस दिवसांचा प्रश्न आहे."

ब्रिटनच्या व्हिसाचा नियम असा, की राहण्या-जेवणाचा ठरलेला खर्च विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचं दाखवावं लागतं. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वडिलांनी नातेवाइकांकडून हात उसने पैसे गोळा केले. सर्वांत मोठी रक्कम मामांची होती. ते मामांच्या खात्यात असून भागत नव्हतं, म्हणून वडिलांच्या खात्यावर वळते केले. मुलगी रोज सकाळी मला फोनवर आकडा सांगायची. आज बारावा, आज पंधरावा.

एकोणिसाव्या दिवशी मामांनी पैसे परत मागितले. पावसानं ओढ दिली होती, सोयाबीनचं बियाणं जमिनीतच गेलं होतं, दुबार पेरणी करायची तर पैसे लागणार. त्यांना नाही म्हणायला कुणालाच तोंड नव्हतं. पुन्हा तेवढी रक्कम उभी राहीपर्यंत ऑगस्ट उजाडला आणि विद्यापीठाची मुदत टळली.

यात आमची चूक मोठी आहे आणि ती मी इथं लिहून ठेवतो. न्यासाकडे त्या वेळी पैसे होते. पण व्हिसा हातात आल्याशिवाय धनादेश काढायचा नाही, असा आमचा ठराव होता. ठरावाचा मसुदा माझ्याच अक्षरात आहे. ज्या पैशांमुळे व्हिसा मिळाला असता, ते आम्ही व्हिसा मिळाल्यावर देणार होतो!

हे तुम्हाला लिहिण्याचं कारण असं, की शासनाच्या योजनांचीही चाल पुष्कळदा हीच असते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी तिच्यामुळे जगातली उत्तम विद्यापीठं खुली होतात. तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण तिकडची विद्यापीठं सप्टेंबरात उघडतात. त्याआधी प्रवेशाची अनामत, व्हिसाचं शुल्क, ब्रिटनचा आरोग्य अधिभार (तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड पडतो), विमानाचं तिकीट आणि तिथल्या खोलीचं पहिलं भाडं द्यावं लागतं. मंजुरी या सगळ्यानंतर आली, तर मधले तीन महिने पोरं सावकाराच्या दारात असतात. ज्यांच्याकडे गहाण टाकायला काहीच नाही, ती घरी राहतात, आणि योजना नेमकी त्यांच्यासाठीच आहे.

एक गोष्ट तुमच्या खात्याला एका रुपयाशिवाय करता येईल. विद्यार्थ्याची फी आणि निर्वाह सरकार उचलत आहे असं अधिकृत पत्र असेल, तर ब्रिटन बँकेतल्या त्या २८ दिवसांऐवजी ते पत्र मानतं. ते पत्र जूनअखेर हातात पडलं असतं, तर मामांच्या पेरणीचा आणि भाचीच्या शिक्षणाचा काही संबंध उरला नसता.

पैसा मध्येच आटला की काय होतं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात पोचले. पुढे लंडनचं शिक्षण सुरू झालं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये ते अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० उजाडलं. त्यासाठी त्यांनी मुंबईत नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं. राजाश्रय, स्वतःची कमाई आणि मित्राची उसनवारी असं सगळं जुळलं तेव्हा कुठे ते शिक्षण पूर्ण झालं. त्या काळात बाबासाहेब राहिले ते लंडनचं घर आपल्या राज्य सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं. त्या घराचं दर्शन घ्यायला आपली मुलं जातात तेव्हा मला फार बरं वाटतं. तिथे शिकायला जाणारी मुलं वाढली तर त्याहून बरं वाटेल.

इथल्या इथे शिकणाऱ्यांचं दुखणंही वेगळं नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना आली तेव्हा पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलासाठी जेवणाचे वर्षाला ३२,००० रुपये धरले होते. दहा महिन्यांचे धरले तर महिन्याला ३,२००. रक्कम अपुरी आहे, पण त्याहून जास्त छळतो तो हप्त्याचा उशीर. मेसवाला महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतो. हप्ता रखडला की मुलगा आधी रात्रीचं जेवण बंद करतो. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत हे मी वर्षानुवर्षं वाचतो आहे. 'रात्री भूक नसते' असं एकानं लिहिलं होतं.

माझी मागणी एवढीच आहे. परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात जानेवारीत निघावी, यादी मेअखेर लागावी, पत्र जूनमध्ये मिळावं. आणि हप्ता उशिरा येणार असेल, तर तेवढ्यापुरती रक्कम उचलायला आमच्यासारख्या नोंदणीकृत न्यासांना सांगा. शासनानं मंजुरीचं पत्र दिलं आणि हप्ता आल्यावर ती रक्कम न्यासाला परत मिळेल अशी लेखी सोय केली, तर राज्यातले अनेक न्यास पुढे येतील. दान म्हणून जे एकाला देता येतं, तेच बिनव्याजी फिरवलं तर चौघांच्या कामी येतं.

आम्ही आमचा ठराव गेल्या महिन्याच्या सभेत बदलला. विद्यापीठानं त्या मुलीची जागा पुढच्या सप्टेंबरपर्यंत राखून ठेवली आहे. तिच्या वडिलांच्या खात्यावर आमचा धनादेश मे महिन्यात जमा होईल, आणि १ जूनपासून ती मला पुन्हा रोज सकाळी आकडा सांगणार आहे. त्याआधी तुमच्याकडून पत्र आलं तर मोजायची गरज पडणार नाही.

आपला,
एका शैक्षणिक न्यासाचा खजिनदार
लातूर