टन नव्हे, इंच विचारा

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उंच केलेल्या पिकअप गाड्यांवर पानभर लेख आला. सस्पेन्शन, टायर, विंच, टपावरचे दिवे, सगळं सविस्तर होतं. जॅकचं मात्र नावही नाही. मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो आणि आता माणगावात मुलाच्या टायरच्या दुकानात बसतो. ताम्हिणी उतरून येणाऱ्या हौशी मंडळींची अडलेली कामं पावसाळाभर आमच्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

जॅक घ्यायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न करतो, “किती टनी आहे?” पिकअप दोन टनांची असली तरी पंक्चर काढताना आपण तिचा एकच कोपरा उचलतो. चार-पाच टनी बाटली जॅक (बाटलीच्या आकाराचा, तेलाच्या दाबावर चालणारा) त्याला रग्गड झाला. तरीही लोक वीस टनी घेऊन जातात आणि मग तो बसलेल्या चाकाशेजारी अ‍ॅक्सलखाली, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या कण्याखाली, शिरतच नाही, कारण मिटलेल्या अवस्थेतच तो उंच असतो. विचारायचे ते इंच: मिटल्यावर किती, पूर्ण उघडल्यावर किती.

आता गंमत बघा. टोयोटाच्या हायलक्स पिकअपचा मूळ टायर उभा मोजला तर साधारण साडेतीस इंच भरतो. त्या जागी तेहतीस इंची घातला तर अ‍ॅक्सल वर जातो फक्त सव्वा इंच. त्यावर सस्पेन्शनही दोन इंच उचललं तर चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, एकूण सव्वातीन इंच वर जाते, अ‍ॅक्सल मात्र त्या सव्वा इंचावरच राहतो. त्यातून चेसीला जॅक लावला की आधी स्प्रिंगचे पाटे सैल होतात, अ‍ॅक्सल लोंबत राहतो, आणि बराच वेळ दांडा मारूनही चाक जमीन सोडत नाही.

गेल्या पावसात निजामपूरच्या अलीकडे अशीच एक गाडी बाजूला लागलेली पाहिली. मागचं चाक बसलेलं. पोरांनी कंपनीचा जॅक चेसीखाली लावलेला, त्याखाली जांभ्याचा चिरा, चिऱ्याखाली आणखी एक चिरा. जॅक संपला तरी चाक चिखलातच, आणि वरचा चिरा एका कडेने भुगा होत चाललेला. टपावर चार फुटी फार्म जॅक (भोकांच्या उभ्या पट्टीवर सरकत चढणारा) लाल रंगात झळकत होता, पण बंपर प्लास्टिकचा, जॅकची जीभ अडकवणार कुठे? मी गाडी खाली घ्यायला लावली, पुढच्या चाकांना दगड लावले, फळी टाकली आणि तोच कंपनीचा जॅक मागच्या अ‍ॅक्सलखाली, पाट्याच्या यू-बोल्टजवळ लावला. अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याला (डिफरन्शियलला) लावायचा नाही, तिथे गाडी डुलते. चाक उचललं गेलं. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही.

पुढची बाजू वेगळी. या पिकअपना पुढे आख्खा अ‍ॅक्सल नसतो, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावावा लागतो आणि तिथे ही वाढीव उंची खरोखर नडते. वरची मान आट्याने बाहेर काढता येते असा बाटली जॅक त्यासाठी बघावा. घेण्याआधी अंगणात एका चाकाची हवा सोडून दोन्हीकडे टेप धरावी. फार्म जॅक वाईट नाही, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमफील्ड गावी १९०५ साली तो बनू लागला. पण त्याला लोखंडी बंपर किंवा मजबूत साइड पट्टी लागते, आणि गाडी उतरवताना त्याचा दांडा सुटला तर जबडा फोडतो. हौसेने टपावर मिरवायची ती वस्तू नव्हे.

मिरवण्यावरून ठेवण्याचं सांगतो. पावसात उघडा बांधलेला फार्म जॅक गंजतो, त्याच्या पिना चिखलाने अडकतात आणि गरजेच्या वेळी घोडा (पट्टीवर सरकणारा भाग) वर-खाली हलत नाही. वर कव्हर हवं आणि पातळ तेल हवं, ग्रीस नको, ग्रीसला धूळ चिकटते. बाटली जॅकचा दट्ट्या पूर्ण खाली बसवून, व्हॉल्व्ह बंद करून, तो उभाच ठेवावा. आडवा पडून राहिला की काही जॅक तेल गाळतात, पंपात हवा शिरते आणि दांडा नुसता पोकळ हलतो. मग व्हॉल्व्ह उघडून पाच-दहा वेळा पंप मारायचा, की हवा निघते. तेल कमी झालं तर जॅकचंच तेल घालायचं. ब्रेक ऑइल घालणारे महाभाग रोज भेटतात, त्याने आतले सील फुगून कामातून जातात. हौद्यात जॅक मोकळा टाकू नये, पाणी साचतं आणि चोरीही होते. सीटमागे पट्ट्याने घट्ट आवळून ठेवावा. सुटा जॅक जोराच्या ब्रेकला माणसाच्या पाठीत येतो.

उंच गाडीखाली जागा ऐसपैस दिसते म्हणून लोक नुसत्या जॅकच्या भरवशावर आत सरपटतात. वर्कशॉपात घोडी (गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय कोणाला खाली जाऊ देत नसत. रस्त्यात घोडी नसली तर निदान काढलेलं चाक चेसीखाली आडवं सरकवून ठेवावं.

गाडी उंच करायचं किट बसवून देणाऱ्या दुकानदारांना एक विनंती. पुण्यातल्या एका ठिकाणी लाखाच्या घरात बिल करून गाडी बाहेर सोडली, स्टेपनी मात्र जुन्याच मापाची राहिली, आणि जॅकबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. मालकाच्या हातून एक पुढचं आणि एक मागचं चाक तिथेच उचलून घ्यावं, मग किल्ली द्यावी. अर्ध्या तासाचं काम आहे. अशा फेरबदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं तो विषय निराळा, त्यावर आपण जाणकाराकडून लिहून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, माणगाव (रायगड)