फ्लॅट आपला, पण जमीन कोणाची?

संपादक साहेब,
आमची सोसायटी डोंबिवलीत, २७ वर्षं जुनी बिल्डिंग, आता रिडेव्हलपमेंटचं बघायला गेलो तर कळलं की प्रॉपर्टी कार्डावर (जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीत) अजून जुन्या जमीनमालकाचंच नाव आहे, कारण बिल्डरने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणारा दस्त, करूनच दिलं नाही आणि आम्हीपण कधी विचारलं नाही. प्रत्येकाकडे रजिस्टर्ड अग्रीमेंट आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, लोन फिटलंय, त्यामुळे सगळे निवांत! पण अग्रीमेंटने फ्लॅट मिळतो हो, जमीन सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्सनेच होते. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या नियमांप्रमाणे, अग्रीमेंटमध्ये वेगळी मुदत नसेल तर सोसायटी रजिस्टर झाल्यावर ४ महिन्यांत बिल्डरने ते करून द्यायचं असतं.

नाही दिलं तर डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरशिवाय सरकारी आदेशाने होणारं कन्व्हेयन्स आहे, सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, बिल्डरची सही लागत नाही. ही सोय २००८ पासून आहे आणि आमच्या कमिटीत कोणालाच माहीत नव्हती, याचं फार वाईट वाटतं. आता अर्जासाठी इंडेक्स टू (अग्रीमेंटच्या नोंदणीचा उतारा), मंजूर प्लॅन, ओसी (बिल्डिंग वापरायचा दाखला) गोळा करतोय, पण निम्मे मूळ फ्लॅटमालक फ्लॅट विकून गेलेत.

जुन्या सोसायट्यांनी कृपा करून या महिन्यातच आपलं प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढून बघा.

एक फ्लॅटधारक, डोंबिवली