डिकीचा दरवाजा: आधी बिजागरी, मग लॉक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

डिकी आपटल्याशिवाय लागत नाही, खड्ड्यात खडखडते आणि उघडली की डोक्यावर येते, असं तू लिहिलंस. एक कळकळीची विनंती, लॉकच्या आकड्याला, म्हणजे लॉकची जीभ ज्या कडीत अडकते तिला, इतक्यात पाना लावू नकोस. बिजागरी खचलेली असताना आकडा सरकवला तर दरवाजा कसाबसा लागतो, पण आकडा त्याला रोज वाकडा ओढत राहतो. मग लॉकही झिजतं आणि दरवाज्याभोवतीचं रबरही एकाच बाजूला चेपतं.

दरवाजा अर्धा उघड आणि खालची कड धरून वर-खाली हलव. बिजागरीत खटखट जाणवली तर पिन झिजली आहे. तिथे सेटिंगचा उपयोग नाही, बिजागरीच बदलावी लागते. खटखट नसेल तर आकडा काढून ठेव आणि दरवाजा हलकेच टेकवून दोन्ही बाजूंच्या फटी बघ. आकडा नसला की दरवाजा खरा कुठे बसतो ते कळतं. फक्त तो पूर्ण दाबू नकोस आणि लॉकची जीभ उघडीच राहू दे.

फट एकीकडे ३ आणि दुसरीकडे ६ मिलिमीटर असेल, तर बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारून घे, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. बोल्ट पूर्ण काढायचे नाहीत, दरवाजा जोर लावल्यावर सरकेल इतकेच सैल करायचे. एका वेळी एकच मिलिमीटर. या कामाला दुसरा माणूस हवाच, एकट्याने करताना कडेचा रंग उडतो.

फटी सारख्या झाल्या की आकडा परत लाव. बोल्ट जेमतेम आवळ, दरवाजा हळू बंद कर म्हणजे आकडा आपणहून मधोमध येतो, आणि मग पक्का आवळ. कोपऱ्यांतले रबरी बफर शेवटी. ते फार वर असतील तर दरवाजा आपटावा लागतो, फार खाली असतील तर खडखड होते. मग रबर आणि बॉडीमध्ये कागदाची पट्टी धरून डिकी लाव आणि पट्टी ओढ. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. जिथे सहज निसटते तिथूनच पाणी येतं आणि सायलेन्सरचा धूरही, म्हणून ही तपासणी टाळू नकोस.

डोक्यावर येण्याचं कारण म्हणजे दरवाजा उचलून धरणारे गॅसचे रॉड. आतला नायट्रोजन निसटला की ते दम सोडतात आणि थंडीत आणखी कमजोर होतात. रॉडच्या नळीवर त्याचा जोर न्यूटनमध्ये छापलेला असतो, तेवढ्याच जोराची आणि लांबीची जोडी आण. एकच बदललास तर दरवाजा पिळतो. आधी भक्कम लाकडाचा टेकू दे. मग टोकाची स्प्रिंग-क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडीशीच उचल, पूर्ण उपसलीस तर उडून हरवते. नवा रॉड लावताना, डिकी बंद असताना बारीक दांडा खाली येईल असा लाव, त्याने आतलं तेल सीलवर राहतं. जुना रॉड कापायचा नाही की तापवायचा नाही, दम गेलेला दिसला तरी आत दाब उरलेला असतो.

जाता जाता, छताकडून दरवाज्यात जाणारी रबरी नळीही जागेवरून सरकवून आत बघ. उघडझाप करून तिथल्या वायरी आतल्या आत तुटतात आणि वायपर किंवा नंबर प्लेटचा दिवा बंद पडतो. जोड देताना मऊ, अनेक बारीक तारांची वायर घे आणि जोड एकाखाली एक न ठेवता पुढेमागे दे.

कुठल्या बाजूची फट किती निघते ते मोजून कळव.

तुझाच,
मित्र