चि. ऋतुजास: इंटरनेटवरचा पैसा नेमका कोण देतो

उदगीर, जि. लातूर

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

नोकरीचे अर्ज चालू असतानाच इंटरनेटवर स्वतःचं काही सुरू करायचं तू मनावर घेतलंस, आणि चार वाटा लिहून पाठवल्यास. यूट्यूब चॅनेल, दुसऱ्याच्या वस्तूंच्या लिंक टाकून कमिशन, बारावीच्या नोट्सची मासिक वर्गणी, आणि आपल्याकडची तूरडाळ घरपोच विकणं. चारही खरे धंदे आहेत. पण प्रत्येकात पैसा देणारा माणूस वेगळा आहे. तो कोण, कशासाठी देतो, किती वेळा देतो आणि मधल्या सगळ्यांचं वजा जाता आपल्या हातात काय उरतं, हे वहीत मांडल्याशिवाय लोगो, वेबसाइट, कॅमेरा यांवर रुपयाही घालू नकोस.

यूट्यूबपासून सुरुवात करते, कारण तुझा जीव त्यात जास्त आहे. तिथं पैसा प्रेक्षक देत नाही, जाहिरातदार देतो. प्रत्येक जाहिरातीच्या जागेसाठी लिलाव होतो, आणि ज्याला एका गिऱ्हाइकामागे जास्त नफा आहे तो जास्त बोली लावतो. म्हणून कर्ज, विमा, शिक्षण अशा विषयांना भाव चढा असतो, आणि विनोदी व्हिडिओला लाखो माणसं येऊनही रक्कम किरकोळ राहते. प्रेक्षक कुठला, वय काय, यानंही भाव हलतो. दिवाळीच्या आधी जाहिरातदार हात सैल सोडतात, जानेवारीत आवळतात. तुझी मेहनत तीच असली तरी महिन्याची रक्कम खाली-वर होते ती यामुळं.

जाहिरातीचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं लागतं, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. 500 सबस्क्रायबरवर जो दरवाजा उघडतो त्यातून प्रेक्षकांची मेंबरशिप वगैरे घेता येते, जाहिरातीचे पैसे नाहीत. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले 55 टक्के आपल्याला, शॉर्ट्सच्या वाट्यातले 45 टक्के. शंभर डॉलर जमल्याशिवाय रक्कम खात्यात येत नाही, आणि दहा डॉलर झाले की पत्ता पडताळायला पोस्टानं पिन येतो. पत्ता अर्धवट असेल तर ते पत्र फिरत बसतं आणि पैसे अडकतात, म्हणून पोस्ट ऑफिसचं नाव आणि पिनकोड नीट टाक. अमेरिकेच्या कराचा फॉर्म सुरुवातीलाच भर. तो भरला नाही तर जगभरातल्या कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापून घेतात, आणि भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या भागावर कर लागतो. दुसऱ्यांचे तुकडे जोडून वर आवाज टाकलेले व्हिडिओ तासांत भरतात, पण शेवटी माणूस तपासायला बसतो आणि अर्ज फेटाळतो.

आता गणित. हजार व्ह्यूजमागे तुझ्या हातात 30 रुपये पडतात असं धर. हा आकडा मी हिशोबापुरता घेतला आहे, तू तुझा खरा आकडा चॅनेल चालू झाल्यावर घाल. महिन्याला 15,000 हवे असतील तर दर महिन्याला 5 लाख व्ह्यूज लागतील. तेच 15,000 दहा दुकानदारांनी त्यांचं काम करून दिल्याबद्दल प्रत्येकी 1,500 दिले तरी होतात. पाच लाख अनोळखी माणसं गोळा करण्यापेक्षा दहा ओळखीचे दुकानदार शोधणं सोपं आहे, आणि या पत्रात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. चॅनेल कर, पण त्याला पगार समजू नकोस.

लिंकच्या कमिशनचं थोडक्यात सांगते. अ‍ॅमेझॉनच्या योजनेत नाव नोंदवल्यावर 180 दिवसांत निदान 3 विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. आपण आपल्याच लिंकवरून घेतलेली वस्तू धरत नाहीत. माल परत गेला की कमिशनही परत जातं. लिंकवर टिचकी मारल्यावर साधारण 24 तासांत गिऱ्हाइकानं माल टोपलीत टाकला तरच तो तुझ्या नावावर. आणि ज्या व्हिडिओत लिंक आहे त्यात ‘जाहिरात’ किंवा ‘यातून मला कमिशन मिळतं’ असं सुरुवातीलाच, दिसेल असं लिहायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा तसा दंडक आहे, आणि तो नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

डाळीचं मात्र बारकाईनं बघू, कारण इथं आपल्याला माल कळतो आणि चुकाही इथंच जास्त होतात. एक किलोचं पाकीट विकायचा विचार पहिल्यांदा सोड. हिशोबापुरते आकडे घे: डाळ 130, पाकीट आणि खोका 18, पुण्याला कुरिअर 70. झाले 218. दुकानात डाळ ज्या भावानं मिळते त्याच्या दीडपट घेऊनही हातात काही राहत नाही. पाच किलोला डाळ 650, पॅकिंग 40, कुरिअर 160 म्हणजे 850. ती 1,000 ला विकली तर 150 उरतात, आणि ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपनीचे 2 टक्के अधिक त्यावरचा जीएसटी मिळून 23-24 रुपये गेले की 126 च्या आसपास. यूपीआयनं दुकानदाराच्या क्यूआरवर पैसे घेतले तर ते 24 ही वाचतात. कुरिअरचा पहिला अर्धा किलो महाग आणि पुढचे किलो स्वस्त असतात, म्हणून वजनदार मालाला मोठं पार्सलच परवडतं.

वाळवणाचं उलटं होतं. कुरडया-पापड वजनाला हलके, जागेला मोठे. कुरिअरवाले खऱ्या वजनाबरोबर आकाराचंही वजन काढतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5,000. 40, 30, 20 चा खोका आला 4.8 किलोचा, आत दीड किलो कुरडया असल्या तरी. दोन्हींपैकी जे जास्त त्याचे पैसे. खोका मालाच्या मापाचा घे, उगाच मोठा घेऊन कागद कोंबू नकोस.

माल दिल्यावर पैसे घेण्याची सोय सुरुवातीला देऊच नकोस. दहा पार्सलांतली दोन परत आली असं धर. त्या दोघांचं जाणं-येणं प्रत्येकी 320 आणि वाया गेलेलं पॅकिंग 40, म्हणजे 720 बुडाले. उरलेल्या आठांवर मिळाले 1,008. दहा पार्सलांची कमाई राहिली 288. एका पार्सलामागे तीस रुपयेसुद्धा नाहीत, आणि फुटलेल्या पाकिटाची डाळ यात धरलेलीच नाही. गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून पॅकिंगचा व्हिडिओ पाठव, पहिल्या वेळी थोडी सूट दे, पण पैसे आधी घे.

कागदपत्रांचं इथं नीट वाच. खाण्याचा माल विकायचा म्हटल्यावर फक्त पाकीट भरणाऱ्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि तिचा 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापायचा. त्याशिवाय नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन. जीएसटीत लोक फसतात ते राज्याच्या सीमेवर. महाराष्ट्राच्या आत स्वतःच विकलेल्या मालाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पण आपल्याला बीदर शेजारचं आणि हैदराबाद रोजचं वाटतं, आणि तिथं करपात्र माल पाठवला की पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. पाकीटबंद, लेबल लावलेली डाळ 18 जुलै 2022 पासून करपात्र आहे. सेवेचं तसं नाही. सेवा हैदराबादच्या माणसाला दिली तरी 20 लाखांपर्यंत सूट आहे.

आणखी एक. ‘बोरसुरी तूरडाळ’ असं पाकिटावर छापायचा मोह होईल. निलंग्याच्या त्या डाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, कुंथलगिरीचा खवा, वसमतची हळद हीसुद्धा त्याच यादीत आली. ते नाव वापरायला माल त्या भागातला हवा आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. नोंद असलेल्या शेतकऱ्यांच्या गटाकडून माल घे आणि बिल जपून ठेव. इतर डाळीला ‘लातूर जिल्ह्यातली तूरडाळ’ म्हटलं तरी ते खरं आहे आणि पुरेसं आहे. डाळ तेल लावलेली की बिनतेलाची हेही लिही, पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक ते विचारतं. आणि ओलसर डाळ पाकिटात बंद केलीस तर महिन्याभरात वास धरते आणि कीड पडते, तेव्हा चांगलं ऊन दिल्याशिवाय भरायची नाही.

मोठ्या संकेतस्थळावर विकायचं झालं तर ती आडत आहे असं समज. गिऱ्हाईक आडत्या आणून देतो, आणि कमिशन, वजनाप्रमाणे पाठवणी, परतीचा खर्च अशा कापण्या करून बाकी हातावर ठेवतो. दराचं पत्रक आधी उतरवून घे आणि वरचं गणित त्या कापण्यांसह पुन्हा कर. गिऱ्हाइकाचा फोन नंबर तिथं आपल्याला मिळत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेची विक्रीही पुन्हा त्याच्याच हातात राहते. पहिल्या दहा-वीस गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग पुरतो.

नोट्सच्या वर्गणीत गळती मोजायला शीक. 99 रुपयांचे 200 विद्यार्थी म्हणजे महिन्याला 19,800. दर महिन्याला दहा टक्के सोडून गेले तर नुसतं जागेवर राहायला 20 नवे आणावे लागतात, आणि सरासरी विद्यार्थी दहा महिने टिकतो. म्हणजे एका विद्यार्थ्याकडून एकूण 990. त्याला आणायला जाहिरातीवर 400 घातलेस तर पहिले चार महिने तुझे त्यातच गेले. शिवाय आपोआप वर्गणी कापायची तर बँक 24 तास आधी सूचना पाठवते, आणि 15,000 च्या आतल्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नसला तरी खात्यात शिल्लक नसली की हप्ता चुकतो. मुलांच्या खात्यात शिल्लक नसणं नेहमीचं. त्यापेक्षा परीक्षेपर्यंतची एकरकमी वर्गणी घे, पालकांनाही तीच सोयीची. फक्त पीडीएफ विकलंस तर पहिल्याच आठवड्यात ती सगळ्या ग्रुपवर फिरेल. लातुरात नोट्सची कमी नाही. पैसे मिळतात ते तपासून दिलेल्या उत्तरपत्रिकेला, शंकेच्या उत्तराला, वेळापत्रकाला, कारण त्यांची झेरॉक्स काढता येत नाही. पाठ्यपुस्तकाची पानं स्कॅन करून विकू नकोस, तो सरळ कॉपीराइटचा भंग आहे.

आता तू न लिहिलेली पाचवी वाट, जिच्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे: सेवा. इथल्या मंगल कार्यालयांना, कृषी सेवा केंद्रांना, शिकवणी वर्गांना, दवाखान्यांना गुगलवर नीट माहिती हवी असते आणि करायला कुणी नसतं. गुगल बिझनेस प्रोफाइल उघडायचं, योग्य वर्ग निवडायचा, वेळा, फोन, नकाशावरची खूण बरोबर लावायची, दुकानाचा बोर्ड आणि आतला भाग दिसेल असा व्हिडिओ काढून पडताळणी करायची, दहा स्वच्छ फोटो, मग दर आठवड्याला एक नोंद आणि प्रत्येक अभिप्रायाला उत्तर. मांडणीचे एकदा वेगळे पैसे, सांभाळण्याचे महिन्याला वेगळे.

यात बिघडतं ते हिशोबात नाही, बोलण्यात. म्हणून पहिल्या दिवशी एका पानावर लिही: काय करणार, किती वेळा बदल करून देणार, पैसे कोणत्या तारखेला. निम्मे आधी घे. प्रोफाइल दुकानदाराच्याच ईमेलवर उघड आणि स्वतःला व्यवस्थापक म्हणून जोड. आपल्या ईमेलवर उघडलं की काम सुटताना मालकीचा वाद होतो आणि गावात नाव खराब होतं. खोटे पाच तारे टाकून मागितले तर नाही म्हण, गुगल ते काढतं आणि प्रोफाइलही बंद करू शकतं. परदेशी काम फायव्हरसारख्या, ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या ठिकाणी घेतलंस तर ते 20 टक्के कापतात, दर ठरवताना तेवढं वर धर.

‘व्हिडिओ लाइक करा, रोज दोन हजार’ अशी टेलिग्रामवरची कामं तुला येतीलच. पहिले शंभर-दोनशे खरंच देतात, मग ‘मोठा टास्क’ म्हणून आपल्याकडून भरून घेतात आणि काढताना कर मागतात. ज्या कोर्सची कमाई तोच कोर्स पुढं विकून होते, तो पिरॅमिड आहे, आणि 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनी त्याला बंदी आहे. बँक खातं भाड्यानं कुणालाही द्यायचं नाही, चोरीचा पैसा त्यातून फिरला की पोलीस आधी खातेदाराकडं येतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. चुकून काही झालं तर लाजून बसू नकोस माय, तासाभरात सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या 1930 क्रमांकाला फोन कर, तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते.

या कामासाठी वेगळं बँक खातं उघड, घरखर्चाचे पैसे त्यात मिसळू नकोस, वर्षाअखेर विवरण भरताना ते सोपं जातं. आणि सेवेसाठी पहिली तीन नावं म्हणून आपल्या गल्लीतलं बी-बियाण्याचं दुकान, कमानीजवळचं कार्यालय आणि तुझ्या मावशीच्या ओळखीचा शिकवणी वर्ग धर. खरिपाच्या पेरणीआधी बियाण्याच्या दुकानाला गरज सगळ्यात जास्त असते, तेव्हा तिथं आधी बोल. तुझं एक पानाचं दरपत्रक झालं की मला पाठव, मी आकडे बघून देते.

तुझी
आई