अर्ध्या मिलिमीटरचे आभार

आदरणीय मस्यू,

सप्रेम नमस्कार.

सायकल दुरुस्तीच्या कार्यशाळेत सगळे तुम्हाला नावाने, एकेरीत हाक मारतात. मला ते अजून जमलेलं नाही आणि तुम्हीही आता आग्रह सोडला आहे. हे पत्र मराठीत लिहितेय त्याला कारण आहे. फ्रान्समध्ये सेंत-एतिएनला, लियोंला शिकायला किंवा नोकरीला आलेली आमच्याकडची मुलं हौसेने जुनी पेजो नाहीतर मोतोबेकान सायकल घेतात आणि पहिला मोठा बिघाड झाला की सोडून देतात. त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं. तुम्हाला शनिवारी फ्रेंचमध्ये वाचून दाखवीनच.

घरमालकिणीने तळघरातून काढून दिलेली पेजो यूओ-८ घेऊन मी तुमच्याकडे आले, तेव्हा डावी क्रँक (पायडलचा दांडा) खटखट वाजत होती आणि पायडल मारताना आत काहीतरी रगडल्यासारखं व्हायचं. एका दुकानात सांगितलं होतं, याचं काही मिळत नाही, नवी घ्या. दुसरीकडे इंग्लिश आट्यांचा कप (क्रँकचा आस ज्यात फिरतो ती फ्रेममधली वाटी) जोर लावून बसवून द्यायला तयार होते. तुम्ही पाना हातात घेण्याआधी विचारलंत, सायकल कोणत्या सालची?

त्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी तुमच्यामुळे कळला. जुन्या फ्रेंच सायकलच्या कपाचं माप ३५ मिलिमीटर, आटे एक मिलिमीटर अंतराचे, आणि दोन्ही बाजूंचे कप सरळ आट्यांचे, म्हणजे उजवीकडे फिरवून आवळायचे. इंग्लिश कप १.३७ इंचाचा, म्हणजे ३४.८ मिलिमीटर, इंचाला २४ आटे. ऐकायला जवळपास सारखंच. म्हणूनच तो सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि मग जुन्या फ्रेमचे आटे खात खात आत जातो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी काही फ्रेंच कंपन्या स्विस आट्यांकडे वळल्या. माप तेच, पण उजवा कप उलट्या आट्यांचा. साल न पाहता जोर लावला तर सैल व्हायच्या ऐवजी आणखी आवळला जाणार.

डावा कप तुम्ही उघडलात. छर्‍यांनी त्यात खड्डे पाडले होते. उजवा कप मात्र उघडला नाहीत. आत टॉर्च धरलात, कापडाने ग्रीस पुसलंत, बोट गोल फिरवलंत आणि माझंही बोट फिरवायला लावलंत. गुळगुळीत होता. मग कशाला काढायचा, म्हणालात. शोधायची वस्तू तिथल्या तिथे निम्मी झाली. मला वाटतं, जुन्या सायकलच्या कामात याहून मोठी अक्कल नाही.

बदली डावा कप तुमच्या सुट्या भागांच्या कॉफीच्या डब्यातून निघाला. छर्रे पाव इंची, एका बाजूला अकरा. ते जगात कुठेही मिळतात, फ्रेंच सायकलमध्येसुद्धा इंचीच असतात!

कॉटर पिनबद्दल, म्हणजे क्रँक आसाला घट्ट धरणाऱ्या पाचरेबद्दल, मी निर्धास्त होते. पुण्यात कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते, म्हणून भावाकडून मूठभर मागवून ठेवल्या होत्या. तुम्ही व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून मला आकडा वाचायला सांगितलंत: ९.५ मिलिमीटर. माझ्या क्रँकचं भोक ९ चं. हातोड्याने ठोकायची नाही, असं तुम्ही इतक्या हळू आवाजात सांगितलंत की ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं. तुमच्याकडच्या नऊच्या दोन पिना काढल्यात. एकीची सपाट बाजू कानशीने घासायची, पिन घालून पाहायची, काढून अंगठ्याने चाचपायची, पुन्हा दोन हात कानस. दोन्ही क्रँक एका सरळ रेषेत येईपर्यंत हेच चाललं होतं. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, हेही तेव्हाच समजलं.

हे सगळं याच शहरात घडावं याचं मला फार वाटतं. स्ट्राँगलाइटच्या क्रँक इथल्या, लियोतारची पायडलं इथली. ब्रेक बनवणारी माफाक क्लेरमाँ-फेराँची, गिअर बनवणारी सिंप्लेक्स दिजाँची. यातल्या बहुतेक नावांचा नवा माल दुकानात येत नाही. म्हणून भंगारात निघालेली प्रत्येक सायकल तुम्ही आधी उघडता. माफाकच्या ब्रेकची आडवी छोटी वायर, तिला वर धरणारा तो बोटभर तुकडा, डी आणि जी कोरलेली उजवी-डावी पायडलं, हँडल धरणारा बावीस मिलिमीटरचा स्टेम (बाकीच्यांचा २२.२, तो आत जात नाही), एकेका नटासकट वेगळं करून, पुसून, माप लिहून ठेवता. त्याचे पैसे कुणी देत नाही. माझा सिंप्लेक्सचा पुढचा गिअर तडकला, कारण तो डेलरिन प्लास्टिकचा आणि वय झालेलं. तेव्हा तुमच्या डब्यात २८ मिलिमीटरच्या नळीवर बसणारा धातूचा पट्टा होता. बाजारातला साधा पट्टा २८.६ चा. तो घट्ट बसावा म्हणून मी पत्र्याची पट्टी घालायला निघाले होते, आणि तुम्ही नुसता डबा पुढे केलात.

मस्यू, तुम्ही मला भाग दिलेत त्याचे आभार आहेतच. पण मोजायला बसवलंत, व्हर्नियर माझ्या हातात दिलात, आणि या फ्रेमला परका भाग जबरदस्तीने घालू दिला नाहीत, त्याचे जास्त आभार. मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याच्या मोतोबेकानचं साल मी आधी विचारलं. स्विस निघाली.

आता कामाचं. कार्यशाळेत दोन इंग्लिश राले सायकली कॉटर पिनवाचून उभ्या आहेत आणि त्यांना ९.५ च लागते. माझ्याकडच्या पुण्याच्या पिना शनिवारी घेऊन येतेय. दिवाळीत घरी जाईन तेव्हा आणखी आणीन. डब्यावर माप लिहून ठेवा.

तुमची कृतज्ञ,
सेंत-एतिएनमधली एक पुणेकर