चित्रात राजकारण नको, उद्घाटनाला मात्र मंत्री हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आजच्या चित्रकारांवरचा लेख वाचला. भाषा देखणी आहे, यात वाद नाही. एकीकडं आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची कोल्हापूरची 'शुद्ध कला' आणि दुसरीकडं जात, धर्म, बाईपण, मोर्चे असलं काहीबाही भिंतीवर टांगणारी हल्लीची पोरं, अशी सरळ वाटणी लेखकमहाशयांनी करून टाकली आहे. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आबालालांची कोटितीर्थावरची निसर्गचित्रं मलाही प्रिय आहेत. पण बाबूरावांना या रांगेत 'राजकारणापासून अलिप्त' म्हणून बसवायचं म्हणजे कमालच झाली. १९२५ साली 'सावकारी पाश' हा मूकपट कुणी काढला? शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो बिचारा शहरात गिरणीत राबायला जातो, हे काय रंकाळ्यावरच्या सूर्यास्ताचं चित्र होतं? तेही राहू द्या. बेचाळीसच्या चळवळीत इंग्रज गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याचं काय झालं आणि त्या जागी शिवाजी महाराजांचा पुतळा कसा आला, हे आपल्या शिवाजी चौकातल्या कुठल्याही भेळवाल्याला विचारा. पुतळा म्हणजे नुसता दगड-धातू नसतो एवढं या गावाला तेव्हापासून कळतं.

पण मी लिहायला बसलो ते इतिहासासाठी नाही. लेखातल्या 'कलादालनात ओळखीचं भांडवल नको' (म्हणजे आपल्या जातीधर्माच्या ओळखीचं) या वाक्यानं एक जुनी ठसठस वर आली.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका समूह प्रदर्शनात माझ्या एका विद्यार्थिनीचं मांडणशिल्प होतं. घरी पिढ्यान्‌पिढ्या चपलांचं काम. तिनं वडिलांची रापी, आरी, लाकडी फर्मे असं सगळं मांडलं होतं. वर आडव्या काठीला चपलांचे जोड टांगले होते आणि प्रत्येक जोडाच्या तळव्यावर तो करणाऱ्याचं नाव आडनावासकट टोचून लिहिलं होतं. कातडं कापणारा कोण, तळ शिवणारा कोण, वेण्या घालणारी कोण, सगळं. आईचं नाव सगळ्यात वरच्या जोडावर. कातडं कमावायला वापरतात ती बाभळीची साल आणि हिरडा खाली पसरला होता, त्याचा वास दारापर्यंत येत होता. काम कच्चं होतं का? थोडं होतं. काठी मला खटकत होती, तसं मी तिला सांगितलंही होतं. पण बघणारा माणूस तिथं थांबत होता आणि वाकून नावं वाचत होता. आमच्या निसर्गचित्रांपुढं इतका वेळ कुणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी संयोजकांपैकी एक सद्गृहस्थ आले. खाली-वर बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरीचं काम चांगलंय हो. पण उद्या साहेब येणार. पाहुण्यांच्या डोक्यावर चपला बऱ्या दिसतात का? आणि ही आडनावं कशाला? उगंच राजकारण."

मी तंडलो. आडनावं काढायची तर निमंत्रणपत्रिकेवरची पण काढा म्हणालो. ते हसले, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तिच्या कामाला कुणी हात लावला नव्हता, फक्त त्याच्या बरोबर पुढं स्वागताचा फ्लेक्स उभा केला होता. फ्लेक्सवर डझनभर चेहरे आणि त्यात चित्रकार एकही नाही. साहेब आले, फीत कापली, मतदारसंघातल्या विकासकामांवर बराच वेळ बोलले आणि गेले. याला राजकारण म्हणत नाहीत. याला नियोजन म्हणतात.

पुढची गंमत ऐका. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला घातलेली पोरं चालवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा गावात केवढी आग लागली होती ते आपल्याच अंकांत छापून आलं आहे. आणि रास्तच होतं ते. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू आहे, नाव घ्यायलाच हवं होतं. त्या गदारोळात हातात जोड धरून 'आमची अस्मिता' म्हणत कोण उभं असावं? आमचे तेच सद्गृहस्थ! म्हणजे चपलेची अस्मिता चालते. इटलीच्या कंपनीनं गावाचं नाव गाळलं तर तो अन्याय, आणि आपण शिवणाऱ्याचं आडनाव फ्लेक्सनं झाकलं तर ती कलेची शुद्धता.

लेखकमहाशयांना हे सगळं बाहेरून आलेलं फॅड वाटतं. चित्रकार प्रभाकर कांबळे आपल्याच जिल्ह्यातले. मडक्यावर मडकं रचून जातव्यवस्था उभी करणारी त्यांची 'उतरंड' २०२२ च्या बर्लिन बिएनालेत होती. त्याच प्रदर्शनात बाईच्या शरीराविषयी शेणातून काम करणाऱ्या मयूरी चारी होत्या. गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू असलेला माणूस नागपूरचे सवी सावरकर कितीतरी वर्षं रंगवत आले आहेत. उतरंड, शेण, मडकं, झाडू यातलं नेमकं काय परदेशातून आलं, ते लेखकांनी सांगावं. आणि घोषणा नको असतील तर सुधीर पटवर्धन बघा. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून डॉक्टरकी केली आणि कामगार, लोकल, चाळी, रस्ते रंगवले. एकाही चित्रात मूठ आवळलेली नसली तरी चालतं, माणूस कुठल्या थरातला आहे ते त्याच्या खांद्यावरून कळतं.

यातलं सगळंच मला आवडतं असं नाही. हल्ली काही कामांशेजारी एवढा मोठा मजकूर लावतात की तो वाचेपर्यंत दालन बंद व्हायची वेळ होते, आणि तो असतो इंग्रजीत. ज्यांच्याविषयी काम आहे त्यांनी तो कुणाकडून वाचून घ्यायचा? ही तक्रार लेखकांनी केली असती तर मी टाळी दिली असती. पण त्यांची तक्रार ती नाहीच.

आणि चित्रातून राजकारण काढलं की दालन पवित्र होतं, हाही भ्रम आहे. प्रभाकर बरव्यांच्या चित्रांत कुठला मोर्चा होता? तरी २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर संग्रहालयाच्या कारभारावर, केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या निर्णयावर बोलायला लागले आणि त्यांना मध्येच अडवलं. भिंतीवर घड्याळं आणि पानं होती, बोलणं अडलं ते माइकपाशी.

शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीला मी मुलांना स्मरणचित्रासाठी 'कारागीर' हा विषय द्यायचो. चपलांचं काम करणाऱ्या घरातली पोरं हटकून कुंभार काढायची. चाक, मडकी, झाड, सगळं नीटनेटकं. बाप दिवसभर रापी चालवतो आणि पोरगं आठवणीतून कुंभार काढतं! हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यातल्याच एका घरातली मुलगी मोठी होऊन आईचं नाव चपलेवर टोचते, तर तिला ओळखीचं भांडवल करणारी म्हणायचं? लेखकमहाशय मोठे आहेत, म्हणोत बापडे.

जाता जाता एक आपल्यासाठी. त्या लेखासोबत अर्धं पान व्यापून जे चित्र छापलं आहे, त्याखाली चित्रकाराचं नाव नाही. 'संग्रहित' एवढंच आहे. त्याच पानावर तळाला एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा फोटो आहे, त्याखाली 'डावीकडून' म्हणून साग्रसंगीत नावं आहेत, पदांसकट. ज्यांचं प्रदर्शन आहे ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी फेट्यामागं आहेत आणि त्यांचं नाव ओळीत नाही. पूर्वीही एकदा मी यावर पोस्टकार्ड टाकलं होतं, त्याची पोच नाही. येत्या रविवारी दोन्ही नावं छापावीत. जागेची अडचण असेल तर 'डावीकडून'मधले एक-दोघे कमी करावेत.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर