शेकानंतरच्या वर्षांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर आला की स्तनांच्या कर्करोगावर पुरवण्यांत भरभरून छापून येतं. गाठ कशी तपासायची, हे आता खेडोपाडीच्या बायकांनाही ठाऊक झालं आहे. पण या रोगावरचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतल्यावर आठ-दहा वर्षांनी काय होऊ शकतं, यावर कुणी लिहीत नाही.

माझ्या ताईला २५ वेळा शेक दिला. नऊ वर्षं ती धडधाकट होती. मग उजव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. भाकरी थापता येईना, ब्लाउजचे हूक सुनेला लावून द्यावे लागत. मणक्याचा त्रास म्हणून दीड वर्ष पट्टा आणि गोळ्या झाल्या. छातीची कातडी टणक होऊन आत ओढली गेली होती, तिच्यावर लाल शिरांचं बारीक जाळं उमटलं होतं. ते कुणी पाहिलं नाही आणि ताईनं संकोचापायी दाखवलं नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी शेकाची फाइल मागितली. ती घर बदलताना रद्दीत गेली होती! दुसरी प्रत मिळवायला आम्हाला चार खेपा घालाव्या लागल्या.

शेकामुळे बारीक रक्तवाहिन्या हळूहळू निकामी होतात आणि मऊ भाग व्रणासारखा घट्ट होत जातो. काखेजवळच्या नसा त्यात आवळल्या की हात लुळा पडू लागतो. बरगड्या ठिसूळ होतात. डावीकडचा शेक असेल तर पुढे हृदयालाही त्रास होऊ शकतो. ब्रिटनमध्ये हात असे निकामी झालेल्या बायकांनी १९९१ साली ‘रेज’ नावाची संघटना काढली होती. म्हणजे ही गोष्ट नवी नाही.

कुणी घाबरून शेक नाकारू नये, कळकळीची विनंती आहे. शेकामुळे रोग उलटण्याचा धोका खूप कमी होतो, आणि हल्लीच्या यंत्रांवर नसा, हृदय पुष्कळ वाचवता येतं. मात्र हात बधिर झाला तर आधी रोग उलटलेला नाही ना, हे तपासावं आणि मग शेकाचा विचार व्हावा. मेलेली नस परत येत नाही, पण वेळेवर कळलं तर व्यायाम आणि दुखण्यावरची योग्य औषधं तरी मिळतात.

शेकाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक बाईच्या हातात मराठीतला एक कागद द्यावा. कोणती बाजू, किती मात्रा, किती वेळा, कोणत्या तारखा, आणि पुढे कोणती लक्षणं दिसली तर यायचं, एवढं त्यावर असलं तरी पुरे. आपणही येत्या पुरवणीत या विषयाला अर्धं पान द्यावं.

आपली,
एक वाचक, सातारा